मोठीच्या सोबतीला

मोळ्या फेकून फेकूनच तुमचा नेम बसला असेल नाही, असं मला आजवर प्रत्येक वार्ताहरानं विचारलंय. एकानं तरी दुसरं काही विचारावं, तर नाही. अरे बाप्पा, मोळी फेकत नाहीत! उसाची मोळी डोक्यावर घेतात आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून, पाय घसरू न देता, वर चढवतात. फेकली तर मुकादम तुम्हालाच फेकेल. पण त्यांना ते ऐकायचं नसतं. ऊसतोडीवरची पोरगी, हातात मोळी, समोर बास्केटबॉलची रिंग, असं चित्र त्यांनी घरूनच काढून आणलेलं असतं. सुरुवातीला मी भांडायचे. मग कंटाळून ‘हो, तसंच’ म्हणायला लागले. पुढं जे रामायण झालं त्याचं मूळ लोकांना आवडेल ते सांगायच्या माझ्या या सवयीत आहे, म्हणून आधी सांगून टाकलं.

माझा तांडा दिग्रसच्या जवळ. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आमच्या आईबापांनी बैल सोडले, हिंडणं काही सुटलं नाही. दिवाळी झाली की टोळी ट्रकमध्ये बसायची आणि तिकडं पश्चिमेच्या साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जायची, ती होळीच्या आसपास परत यायची. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माणसं दोन, हात चार, पण मोजायचा कोयता एक. माझी याडी आणि बाप मिळून असा एक कोयता होता. याडी म्हणजे आई. घरी आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलतो, बाहेर वऱ्हाडी, आणि ही अशी पुस्तकातली मराठी मला होस्टेलनं शिकवली.

आम्ही बहिणी दोघी. मोठीला मी बाई म्हणते. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि डोक्यानं दहा वर्षांनी. मी मात्र जन्मापासून लांबच लांब. चार वर्षांची असताना मी तिच्या कानाला लागत होते. आमच्या घराण्यात एवढं उंच कोणी नाही. याडी म्हणायची, ‘उसात पैदा झाली नं, म्हनून उसावानी वाढली.’

आता ती साखरशाळेची गोष्ट. कारखान्याच्या आवारात तोडणाऱ्यांच्या पोरांसाठी एक पत्र्याची शाळा असते. सहा वर्षांच्या पुढची पोरं तिथं घेतात. मी चारची, बाई सहाची. याडी आम्हा दोघींचे हात धरून मास्तरांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, ‘जुळ्या आहेत.’ मास्तरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. माझी उंची बघून त्यांना ते पटलं असावं. ‘नुसतं बसवून घेता येत नाही, रजिस्टरात नाव पाहिजे, नाव नाही तर खिचडी नाही,’ असं ते म्हणाले, आणि दोघींची नावं एकाखाली एक लिहिली. जन्मतारीख दोघींची एकच. माझ्या उंचीचा पहिला उपयोग असा खोटं पचवायला झाला.

हे सगळं मला घरातली गंमत म्हणून माहीत होतं. मी ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. सत्कार असला, शाळेत भाषण असलं, की माझं ठरलेलं वाक्य: ‘माझी अडाणी आई, पण मी शिकावं म्हणून तिनं मला चौथ्या वर्षीच शाळेत घातलं.’ टाळ्या पडायच्या. मलाही बरं वाटायचं.

पुढं तांड्यावरच्या शाळेत माझं नाव नव्यानं लागलं. तिथल्या गुरुजींनी जून महिन्याची एक तारीख टाकली. आमच्या तांड्यातली सगळीच पोरं एक जूनला जन्मलेली आहेत. त्या दिवशी तांड्यावर केक आणायचा म्हटलं तर ट्रक लागेल. बाईची पण तारीख एक जूनच, फक्त साल दोन वर्षं आधीचं. साखरशाळेतलं ते जुळेपण तिथंच कारखान्यावर राहिलं. कोणी त्याचा पुन्हा विचार केला नाही.

बास्केटबॉल माझ्या आयुष्यात चुकून आला. बारा वर्षांची असताना आश्रमशाळेच्या कबड्डीच्या संघातून मी यवतमाळला गेले होते. कबड्डीत मी भोपळा होते, पाय कुठं ठेवायचे तेच कळायचं नाही. शेजारच्या सिमेंटच्या कोर्टवर एक मॅडम पोरींना शिकवत होत्या. त्यांनी मला हाक मारली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘वय किती?’ मी म्हटलं, ‘दाखल्यावर आहे ते.’ त्या हसल्या. महिन्याभरात मी यवतमाळच्या होस्टेलवर होते.

मॅडमनी मला रिंगखाली उभं केलं आणि तिथून दोन वर्षं हलू दिलं नाही. बॉल रिंगवर आपटून येतो, म्हणजे रिबाउंड, तेव्हा बाकीच्या पोरी बॉलकडं बघतात. मॅडम म्हणायच्या, बॉलकडं बघू नको, आधी जागा धर. जागा धरली की बॉल येतोच. मी जागा धरायला शिकले. कोपर कसं ठेवायचं, पाठीनं समोरचीला कसं थोपवायचं, पंचाला दिसणार नाही असा धक्का कसा द्यायचा, हे सगळं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीपर्यंत सकाळी पळत जायचं आणि पळत परत यायचं. पायाला फोड यायचे. होस्टेलमध्ये पोटभर पोळ्या मिळायच्या, त्यामुळं माझी काहीच तक्रार नव्हती.

अठरा वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत आमच्या संघाला पदक मिळालं आणि त्या जोरावर मला एका सरकारी खात्यात खेळाडू म्हणून नोकरी लागली. आपल्याकडं बास्केटबॉल खेळून पोट भरायचं म्हणजे हेच. खात्याच्या संघातून खेळायचं, हजेरी लावायची, पगार घ्यायचा. पहिल्या पगारानंतर मी बापाला फोन केला आणि म्हटलं, आता ट्रकमध्ये बसायचं नाही. त्या दिवाळीला टोळी गेली आणि आमच्या घराचं दार पहिल्यांदाच उघडं राहिलं. कोयता त्यानं घरात खुंटीला टांगून ठेवला. याडी म्हणाली, ‘ट्रक गेला तं कसंसंच वाटलं वं, जसं काही विसरून राह्यलं.’

पाच वर्षं सगळं बरं चाललं. दोनदा वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळले, एकदा गुडघा गेला, तो परत आला. मग एका वार्ताहरानं माझ्यावर पानभर लेख लिहिला. पोरगा मेहनती. मी साखरशाळेचं नाव काढलं तर तो खरंच त्या कारखान्यावर गेला, जुनं रजिस्टर हुडकलं आणि माझं नाव असलेल्या पानाचा फोटोच छापला. वर मथळा: चौथ्या वर्षी शाळेत, आज राष्ट्रीय खेळाडू. मोळ्या फेकल्याचंही होतंच त्यात.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या पानावर माझं नाव बघून डोळ्यांत पाणी आलं. नावापलीकडं मी काही बघितलंच नाही. फोटो काढला आणि होते नव्हते त्या सगळ्या ग्रुपवर पाठवून दिला. होस्टेलच्या मैत्रिणी, मॅडम, नातेवाईक. आणि खात्याचा ग्रुप. आपल्याच हातानं, तीन लाल बदाम लावून. अक्कल वाटत होते तेव्हा मी बहुतेक सरावाला गेले होते.

मथळ्यात चार वर्षांची आणि खाली रजिस्टरात सहाची. कुणीतरी ते वाचलं, हिशोब मांडला आणि वर कळवलं. पंधरा दिवसांत पत्र आलं. साखरशाळेच्या नोंदीप्रमाणे तुमचं वय दाखल्यापेक्षा दोन वर्षांनी जास्त दिसतं. तसं असेल तर अठरा वर्षांखालच्या स्पर्धेत तुम्ही अपात्र होता. खुलासा आणि पुरावे द्या. चौकशी संपेपर्यंत संघाच्या शिबिरात येऊ नये.

म्हणजे पदक खोटं, पदक खोटं म्हणून नोकरी खोटी, आणि वर वय चोरणारी म्हणून शिक्का. आमच्या खेळात वय चोरणारे आहेत, मी स्वतः त्यांना शिव्या दिलेल्या आहेत. आता त्या शिव्या मला लागणार होत्या.

किटबॅग घेऊन मी घरी आले. ओट्यावर बसून पत्र वाचून दाखवलं. बापानं सगळं ऐकलं. मग उठला, खुंटीवरचा कोयता काढला, फडक्यानं पुसला आणि त्याला तेल लावायला बसला.

‘बा, काय करून राह्यला?’ मी ओरडले.

‘काई नाही. गंजते तो.’

मला इतका राग आला की पत्र फाडून टाकावंसं वाटलं. साठीला टेकलेला माणूस, दोन्ही गुडघे आवाज करतात, आणि हा तेल लावतोय! रागापेक्षा भीतीच जास्त होती. माझी नोकरी गेली तर हे दोघं पुन्हा त्या ट्रकमध्ये चढतील आणि मी काही करू शकणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

मी याडीकडं वळले. ‘तू चाल माह्यासंग. साहेबाले सांग का जुळ्या म्हनून खोटं सांगतलं होतं.’

‘मी कायले खोटं बोलू?’ याडी चूल सारवत होती, तिनं मान वर केली नाही. ‘मी नाही सांगतलं काही.’

‘अवं, तूच तं सांगत होती इतकी वर्षं! हसत हसत!’

‘मले नाही आठवत.’

काय करावं आता या याडीला! मी समजावलं, ओरडले, शेवटी रडले. याडीचा हात सारवत राहिला. मला वाटलं, पोलिसाला भिते. मी म्हटलं, तुला कोणी आत टाकत नाही. ती म्हणाली, ‘टाकले तं टाकले.’ मग भीती कशाची आहे तेही सांगेना. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

तिसऱ्या दिवशी बाई आली. ती बोरी अरबला दिलेली, घरी शिलाई मशीन आहे, शिवाय नवऱ्याबरोबर शेतात जाते. मी फोनवर फक्त ‘ये’ म्हटलं होतं. तिनं पाणी घेतलं, वर्तमानपत्राचं ते पान मांडीवर पसरलं आणि माझ्यासारखं नाव नाही, तारीख वाचली.

‘हे एक जून नाही,’ ती म्हणाली.

‘मंग?’

‘मंग काय? डोक्शात घे जरा. मास्तरनं आपल्या मनानं टाकली असती तं एक जून टाकली असती. हे कोठून तरी पाहून लिहेल आहे.’ तिनं चुलीकडं पाहिलं. ‘याडी, मी दवाखान्यात झालती नं? दिग्रसले?’

याडी थांबली. ‘हाव. तू अडलती. पावसाच्या दिवसांत. बैलगाडीत नेलतं मले. तुह्या दवाखान्याचं कार्ड होतं माह्यापाशी, फडक्यात बांधून.’

‘तेच दाखोलं असीन मास्तरले.’

‘दाखोलं,’ याडी हळूच म्हणाली. चला, आठवायला तर लागलं!

कार्ड केव्हाच गेलेलं. तिकडं उसाच्या फडावर आमच्या कोपीला, म्हणजे पाचटाच्या झोपडीला, एकदा आग लागली त्यात. पण बाईचं म्हणणं सरळ होतं. ती तारीख तिची असेल तर दिग्रसला जन्माची नोंद असेल. आणि त्या नोंदीत पोरगी एकच असेल. ‘जुळ्या असतो तं दोन राहिल्या असत्या नं तिथं? तू काय मांगून येऊन बसली का?’ असं म्हणून तिनं मला एक टपली मारली. टपली मारायला तिला चवड्यावर उभं राहावं लागतं.

नगरपालिकेतल्या जन्म-नोंदीच्या खिडकीवर एक ताई होत्या. त्यांनी आधी मला विचारलं, ‘तुम्ही पेपरात आल्या होत्या नं? मोळ्यावाल्या?’ मी दात आवळून ‘हो, तसंच’ म्हटलं. जुनी रजिस्टरं माळ्यावर होती. त्या शिपायाला शिडी लावायला सांगत होत्या, मी आत शिरून हात वर केला आणि गठ्ठा खाली काढला. धूळ सगळी माझ्या डोक्यावर. ताई एकेक पान उलटत होत्या आणि मी बाईचा पदर मुठीत धरून उभी होते. शेवटचे दोन सेकंद उरलेत, बरोबरीत स्कोअर आणि फ्री थ्रो माझ्या हातात, असं माझं चार-पाचदा झालंय. तेव्हा मी सरळ रिंगकडं बघायचे. त्या दिवशी मला पानाकडं बघवेना.

‘हे बघा,’ ताई म्हणाल्या.

बापाचं नाव. तांड्याचं नाव. तीच तारीख, वर्तमानपत्रातली. स्त्री. त्या दिवशी बापाच्या नावावर तेवढी एकच नोंद.

मी त्या ताईंना मिठीच मारली, धुळीसकट. बाई मात्र रजिस्टरावर वाकून उभी होती. ओळीवर बोट ठेवून तिनं ती दोनदा वाचली. ‘माही तारीख आहे ही,’ ती म्हणाली. ‘माही एकटीची.’ मग ताईंना विचारलं, ‘दाखल्याच्या दोन प्रती भेटतीन का?’

‘दोन कायले?’ मी म्हटलं.

‘असू दे.’

पण नुसत्या कागदानं भागणार नव्हतं. चौकशीचे साहेब यवतमाळच्या कार्यालयात येणार होते आणि आईचा जबाब पाहिजे, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं. नेमक्या दिवशी सकाळी याडी आपणहून नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली. दिग्रसहून आम्ही तिघी यष्टीनं निघालो. बाप मागं राहिला. यवतमाळपर्यंत याडी खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, सरळ सांग, मला लवकर शाळेत घालायचं होतं म्हणून सांगितलं, संपलं. ती ‘हं’ म्हणाली.

साहेब वयस्क होते, आवाज बारीक. त्यांनी कागद पाहिले. मग चष्मा काढून आम्हा दोघी बहिणींकडं पाहिलं. मी शेजारी उभी, बाई माझ्या खांद्याखाली. तिच्या केसांत आत्ताच पांढरं आलेलं, हाताच्या भेगा शिलाई मशीनच्या तेलानं काळ्या झालेल्या. ‘जुळ्या?’ साहेब म्हणाले आणि त्यांना हसू आलं. लगेच त्यांनी ते आवरलं. मलाही हसू आलं होतं, पण बाईच्या हातांकडं बघितलं आणि ते गेलं.

‘बोला आजी,’ साहेब याडीला म्हणाले, ‘खोटं का सांगितलं होतं?’

याडीनं पदर सारखा केला. मी मनातल्या मनात माझं वाक्य म्हणत होते, तिला आठवावं म्हणून.

‘साहेब, मले मोठीले शिकवाचं होतं,’ याडी म्हणाली.

मला वाटलं, गोंधळली.

‘मोठी हुशार होती. बिना शिकवल्यानं उसाच्या खेपा मोजे. पन आमी फडावर गेलो का धाकटीपाशी कोन राहीन? मोठीच राहीन. सगळ्याइच्या मोठ्या पोरी तशाच कोपीवर राहत, लहान्याइले घेऊन. मोठीची शाळा बुडाली असती. म्हनून म्या म्हटलं, दोघीले घाला. जुळ्या म्हटलं तं घेतलं मास्तरनं. ही धाकटी तं नुसती सोबतीले होती. बसाले. तिले काय कळे? अर्धा वेळ झोपून राहे.’

साहेब लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, ‘मग मोठी काय शिकली?’

याडीनं बाईकडं पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हा मला कळलं की तिला कशाची भीती वाटत होती. पोलिसाची नव्हती.

‘सातवी,’ बाईच बोलली. ‘शिवणकाम करते मी, साहेब.’

‘मीच काढलं तिले,’ याडी म्हणाली आणि रडायला लागली. ‘माही कंबर गेली त्या साली. एका मानसाचा कोयता होत नाही साहेब. बापाच्या जोडीले तिले उभं केलं. जिच्यासाठी खोटं बोलली, तिलेच काढलं. कोन्या तोंडानं सांगू मी हे तिच्यापुढं?’

‘जाऊ दे नं वं याडी,’ बाई म्हणाली. तिनं याडीच्या पाठीवर हात ठेवला. ‘मले माईतच होतं.’

सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. बाईची शाळा सुटली त्याच वर्षी मी यवतमाळच्या होस्टेलवर गेले होते. मला वाटत होतं, तिला शाळा आवडत नसेल. मी कधी विचारलंही नाही. आणि वर सगळीकडं सांगत फिरले, माझ्या आईनं मला शिकवायला, मला, मला! मला तिथं उभं राहवेना इतकी लाज वाटली.

साहेबांनी याडीचा अंगठा घेतला. मग विचारलं, ‘आणि ही धाकटी नेमकी कधी जन्मली?’

‘ती फडातच झाली, तिकडं. होळी पंधरा दिवसांवर होती. मोठीले दोन वर्स पुरे होत आलते तवा.’

साहेबांनी बोटांवर मोजलं. ‘म्हणजे एक जूनला नाही तर फेब्रुवारी-मार्चला. साल तेच. स्पर्धेला सालच बघतात, काही फरक पडत नाही.’ त्यांनी फाइल बंद केली. ‘मी तसं लिहून देतो. पत्र येईल. सरावाला लागा.’

बाहेर येऊन मी कार्यालयाच्या पायरीवर बसले ते पाच मिनिटं उठलेच नाही. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात नं, तसं खरंच होतं. महिनाभर मी नीट श्वासच घेतला नव्हता, हे तेव्हा कळलं. याडी पण हलकी झालेली. रडून तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. तिनं मला विचारलं, ‘झालं का सगळं?’ मी म्हटलं, झालं. ‘मंग भूक लागली मले,’ ती म्हणाली, आणि आम्ही स्टँडवर तिघींनी आलूबोंडे खाल्ले, वर मिरच्या. याडीनं चार खाल्ले. बापाला फोन लावला तर तो फक्त ‘बरं’ म्हणाला. घरी पोचलो तेव्हा कोयता परत खुंटीला होता. तेल लावलेला, त्यामुळं चकाकत होता.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मी शिबिरात गेले, संघात जागा परत मिळाली. पुढच्या स्पर्धेत मी असे काही रिबाउंड घेतले की आमची कॅप्टन म्हणाली, हिला दरवर्षी एक नोटीस पाठवा.

भाषणातलं ते वाक्य मी बंद केलं. एकदा खरं काय ते सांगून पाहिलं. टाळ्या कमी पडल्या. पडू देत.

त्या दोन प्रतींचं मी विसरून गेले होते. वर्षभरानंतर बाईचा फोन आला. म्हणाली, ‘तुले काही सांगाचं होतं. हासशील तं फोन ठेवून देईन.’ तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं असेल तर तो भरतात. जन्माचा दाखला जोडला होता, ती दुसरी प्रत. एवढे महिने मशीनवर पुस्तक टेकवून ती अभ्यास करत होती आणि तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही.

मी हसले नाही. पहिला पेपर कधी, ते विचारलं आणि लिहून घेतलं.

पहिल्या पेपरच्या दिवशी मी रजा टाकली. दारव्ह्याला केंद्र होतं. बाई माझ्याआधी यष्टीनं पोचून आत गेली होती. फाटकाबाहेर आईबाप उभे असतात, आपापल्या पोरांची पाण्याची बाटली धरून. त्या घोळक्यात मी, सगळ्यांपेक्षा हातभर उंच, कडुनिंबाखाली. एका काकांनी विचारलं, ‘मुलगी आहे का तुमची आत?’ मी म्हटलं, ‘मोठी बहीण.’ ते बघतच राहिले. तीन तासांत मी चार वेळा पाणी प्यायले, तेही तिच्यासाठी आणलेलं. फाटकाच्या पट्ट्यांवरून आत डोकावत होते, शिपाई दोनदा ओरडला.

घंटा झाली. पोरापोरींचा लोंढा बाहेर आला आणि त्यांच्यामागून, साडीचा पदर खोचलेली, हातात पुठ्ठ्याचं पॅड धरून बाई आली. मला बघून थांबली.

‘कसा गेला?’

‘मराठीचा कसा जाईन? गेला.’ तिनं मला खालून वर पाहिलं. ‘तू काहून आली? सराव नाही का तुले? आन् रडून कायले राह्यली?’

‘सोबतीले आली,’ मी म्हटलं.

तिनं पॅड काखेत धरलं. चवड्यावर उभी राहिली, मला एक टपली मारली आणि पॅड माझ्या हातात दिलं.

‘परवा इंग्रजी आहे,’ ती म्हणाली. ‘मंग परवाबी ये.’